गिलनचा बेडूक

प्राणिशास्त्रातील नावांचा इतिहास हा पुष्कळांस रुक्ष विषय वाटतो, आणि बहुतेक नावांच्या बाबतीत तो तसा असतोही. कोणीतरी एखादा प्राणी स्पिरिटच्या बरणीत घालून दूरच्या विद्यापीठास पाठवितो, तेथे दुसरा कोणी त्याच्या अवयवांची मापे घेऊन त्यास लॅटिन नाव देऊन मोकळा होतो, आणि ते नाव पुढे जाड ग्रंथांच्या सूचीत पडून राहते. परंतु १८९६ साली मध्य ऑस्ट्रेलियातील एका बेडकास जे नाव मिळाले, त्याच्या पाठीमागे एका तारमास्तराची, एका प्राध्यापकाची, आणि ज्यांची नावे त्या ग्रंथात फारशी आली नाहीत अशा एका संपूर्ण लोकसमाजाची हकीकत आहे. ती वाचकांस सांगावी असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत होते.

ह्या बेडकाचे मूळ शास्त्रीय नाव 'हायला गिलेनाय'. पैकी 'हायला' हे वृक्षमंडूकांच्या गणाचे नाव. बोटांच्या टोकांस लहान चकत्या असलेले, झाडाच्या खोडावर किंवा घराच्या भिंतीवर चिकटून बसणारे जे बेडूक, ते हे. आपल्याकडे कोकणात व सह्याद्रीच्या घाटांत पावसाळ्यात दिवाणखान्याच्या तसबिरीमागे किंवा न्हाणीघरात असा एखादा बेडूक आढळला नाही असे घर विरळाच. ओलावा हे त्यांचे जीवन. बेडकाची कातडी पातळ. तीतून पाणी आत येते तसेच बाहेरही जाते, आणि कोरड्या वाऱ्यात तो फार काळ तग धरू शकत नाही. जमिनीवरचा बेडूक निदान चिखलात तरी पुरून घेईल. झाडावर चढणाऱ्यास तीही सोय नाही. असे असता ह्या जातीतील एक बेडूक राहतो कोठे, तर ऑस्ट्रेलिया खंडाच्या अगदी मध्यभागी, चारही दिशांचे समुद्र शेकडो मैल दूर असलेल्या तांबड्या खडकाळ मुलखात. तेथे वर्षाकाठी सरासरी अकरा इंचांच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या निम्म्याहूनही कमी. आणि ही सरासरी केवळ कागदावरची, कारण कित्येक वर्षे जवळजवळ कोरडीच जातात व एखाद्या वर्षी नद्या दुथडी वाहतात.

ह्या मुलखातून पूर्वपश्चिम सुमारे चारशे मैल पसरलेली एक डोंगररांग आहे. तिला मॅक्डॉनेल पर्वत म्हणतात. एकामागे एक अशा लांबच लांब कातळी धारा, आणि त्या धारांना आडव्या कापीत गेलेल्या नद्यांच्या अरुंद घळी, असे तिचे स्वरूप आहे. नद्या म्हणजे वर्षातील बहुतेक दिवस वाळूची रुंद पात्रे. परंतु घळींत मात्र दोन्ही अंगांस उंच कडे असल्यामुळे सूर्य क्षणभरच डोकावतो आणि कड्याच्या पायथ्याशी काळेशार, थंडगार डोह टिकून राहतात. आमचा बेडूक ह्या डोहांच्या आसऱ्याने राहतो. लांबी सुमारे तीन इंच, अंग हिरवट, त्यावर लहान पांढरे ठिपके, कानामागे फुगीर ग्रंथी. दिवसभर तो खडकाच्या खोल कपारीत अंग आखडून बसतो; बोटांच्या ज्या चकत्या त्याच्या भाऊबंदांस झाडावर चढण्याच्या कामी येतात, त्या ह्याला कातळाच्या कामी येतात. दक्षिण गोलार्धातील उन्हाळा, म्हणजे आपला मार्गशीर्ष ते माघ, हा तेथील पावसाचा काळ. त्या दिवसांत एखादे वादळ फुटून खडकांतील खळगे भरले की हे बेडूक बाहेर येतात, अंडी घालतात, आणि पाणी आटण्यापूर्वी त्यांची शेपटीवाली पिले वाढून मोठी व्हावी लागतात.

कपारीत बसणे ह्यात केवळ लपून राहणे नाही, हेही सांगितले पाहिजे. ह्याच बेडकाचा जवळचा आप्त असा जो ऑस्ट्रेलियाचा प्रसिद्ध हिरवा वृक्षमंडूक, त्यावर त्या खंडाच्या उत्तर भागात झालेले काही प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. थंड रात्री बाहेर बसून गार झालेला बेडूक उबदार व दमट ढोलीत शिरला की, थंड पाण्याच्या तांब्यावर बाहेरून दव जमते तद्वत त्याच्या अंगावर पाणी जमते, आणि ते तो कातडीवाटे पिऊन घेतो, असे त्यांत दिसून आले. पाऊस नाही, डबके नाही, तरी बेडकाने पाणी मिळविले. ही युक्ती आमचा बेडूक नेमकी किती वापरतो हा प्रश्न आम्ही शास्त्रज्ञांवर सोपवितो; पण कोरड्या मुलखातील कपारीचे मोल काय, ते ह्यावरून ध्यानी यावे.

आता नावाकडे वळू.

फ्रान्सिस जेम्स गिलन हे १८५५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात आयरिश कुटुंबात जन्मले. शाळेचे शिक्षण बेताचे. लहान वयातच ते टपालखात्यात निरोप पोचविणारे पोर म्हणून लागले आणि तेथून तारायंत्रावर गेले. त्यांच्या तारुण्यात ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत सुमारे दोन हजार मैलांची तार उभी राहिली. १८७२ मध्ये ती पुरी झाली, तेव्हा त्या खंडाचा इंग्लंडशी संबंध महिन्यांवरून तासांवर आला. मुंबईकरांस हे ऐकून मौज वाटेल की, ही तार आपल्याच शहरावरून जात असे. १८७० मध्ये मुंबईपर्यंत समुद्रातून केबल येऊन पोचली होती. लंडनचा निरोप येथून जमिनीवरून मद्रासेस, तेथून समुद्राखालून पेनांग, सिंगापूर व जावा करीत डार्विन बंदरास उतरे, आणि मग वाळवंटातील एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर असा दक्षिणेस जाई. ह्या ठाण्यांपैकी मधले एक म्हणजे ॲलिस स्प्रिंग्ज. तारखात्याचे मुख्य चार्ल्स टॉड, त्यांच्या पत्नीचे नाव ॲलिस. म्हणून पाणवठ्यास 'ॲलिसचे झरे' असे नाव पडले. वस्तुतः तो झरा नव्हेच, नदीच्या वाळूखालचे पाणी खडकाशी अडून साठते तेवढेच. शिवाय त्या भूमीला 'म्पार्न्ट्वे' हे स्वतःचे जुने नाव होते. गिलन १८७५ पासून ह्याच तारेच्या मार्गावर शार्लट वॉटर्स ह्या ठाण्यात होते. १८९२ मध्ये ते ॲलिस स्प्रिंग्जचे पोस्टमास्तर व तारमास्तर झाले, आणि तेथील मूळ रहिवाशांचे उपसंरक्षक व मॅजिस्ट्रेट हे अधिकारही त्यांजकडे आले.

त्यांच्या चारित्र्यातील एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. विल्यम विलशायर नावाचा घोडेस्वार पोलिसांचा एक अधिकारी त्या भागात होता. त्याच्या हाताखालच्या शिपायांनी १८९१ मध्ये एका गुरांच्या ठाण्यावर दोन मूळ रहिवाशांस ठार मारले. अशा गोष्टी त्या काळी घडत आणि वाळूत पुरल्या जात. गिलन ह्यांनी मात्र मॅजिस्ट्रेट ह्या नात्याने स्वतः चौकशी केली आणि विलशायरवर खुनाचा आरोप ठेवून त्यास खटल्यासाठी पाठविले. ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले; गोऱ्या वस्तीने त्याच्या बचावासाठी पैसेही जमविले होते. तरीपण एका गोऱ्या अधिकाऱ्याने दुसऱ्यास काळ्या माणसाच्या प्राणासाठी कोर्टात उभे करावे, ही त्या सरहद्दीवरील असामान्य गोष्ट होती. स्थानिक अरंडा लोक गिलन ह्यांच्याशी पुढे जितक्या मोकळेपणाने बोलले, त्यास हेही एक कारण असावे असे आम्ही समजतो.

१८९४ मध्ये ॲडलेड येथील खाणमालक विल्यम ऑस्टिन हॉर्न ह्यांच्या खर्चाने एक शास्त्रीय मोहीम ह्या प्रदेशात निघाली. चार्ल्स विन्नेक तिचे पुढारी. भूगर्भ, वनस्पती, मानववंश इत्यादी विषयांसाठी निरनिराळे विद्वान. आणि प्राण्यांसाठी मेलबर्न विद्यापीठाचे प्राध्यापक वॉल्टर बॉल्डविन स्पेन्सर. हे १८६० मध्ये लँकेशायरात जन्मलेले, ऑक्सफर्डात शिकलेले आणि १८८७ पासून मेलबर्नला अध्यापन करणारे गृहस्थ. आगगाडी ऊडनाडाटापर्यंत, तेथून पुढे मे महिन्यापासून उंटांवर. हे उंट आपल्या दृष्टीने परके नव्हेत. १८६५ च्या अखेरीस शंभराहून अधिक उंट कराचीहून, म्हणजे तत्कालीन मुंबई इलाख्यातील बंदरातून, आपल्या सारवानांसह दक्षिण ऑस्ट्रेलियास गेले होते, आणि त्यानंतर सिंध, बलुचिस्तान, पंजाब व अफगाणिस्तान येथील माणसे त्या वाळवंटाची वाहतूक पिढ्यान्‌पिढ्या करीत राहिली. गोऱ्या लोकांनी त्या सर्वांस सरसकट 'अफगाण' म्हटले. सिंधी माणूसही अफगाण आणि पंजाबीही अफगाण. नावे देण्यातील हा निष्काळजीपणा ह्या कथेत पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

मोहीम हिवाळ्यात निघाली हे भूगर्भशास्त्रज्ञांस सोयीचे, पण प्राणिशास्त्रज्ञास गैरसोयीचे झाले. थंडीच्या कोरड्या दिवसांत सरडे बिळांत, बेडूक कपारींत, आणि लहान सस्तन प्राणी तर दृष्टीसच पडेनात. स्पेन्सर ह्यांची निराशा झाली. परंतु जुलैमध्ये ॲलिस स्प्रिंग्जला त्यांची व गिलन ह्यांची गाठ पडली, आणि दोघांचे असे जुळले की मोहिमेतील इतर मंडळी परत फिरल्यावरही स्पेन्सर काही काळ तारघरातच राहिले. एक विद्यापीठातील पंडित, दुसरा शाळा अर्ध्यावर सुटलेला तारमास्तर; एक मोजून बोलणारा, दुसरा गप्पिष्ट, तिखट जिभेचा. ह्या स्नेहातून पुढे अठरा वर्षे पत्रे गेली. गिलन ह्यांची ती पत्रे १९९७ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली, ती ज्यांनी वाचली त्यांस ठाऊक आहे की, त्यांत माया आणि शिवराळपणा, औदार्य आणि वर्णाभिमान ही सारी एकाच पानावर नांदतात.

स्पेन्सर १८९५ मध्ये पावसाच्या दिवसांत पुन्हा शार्लट वॉटर्सला गेले, आणि ह्या खेपेस त्यांस जे हवे होते ते मिळाले. ते कसे मिळाले हे पाहण्यासारखे आहे. त्या प्रदेशात वृक्षमंडूकांहून निराळ्या जातीचा, जमिनीत पुरून घेणारा एक बेडूक आहे. डबके आटू लागले की तो भरपूर पाणी पिऊन चेंडूसारखा फुगतो, आणि मऊ चिखलात खोल उतरून बसतो. वरची माती उन्हाने विटेसारखी भाजून निघते, तरी हा आत महिनोन्‌महिने जिवंत असतो. प्राध्यापकांस वरून भुईवर काहीच दिसेना. अरंडा माणसे मात्र त्या भाजलेल्या भुईवरील एखादी बारीकशी खूण पाहून नेमके तेथेच खणीत आणि बेडूक बाहेर काढून दाखवीत. दुष्काळात ह्याच बेडकातील पाणी पिऊन माणसाने जीव जगवावा, ही त्यांच्याकडील जुनी विद्या. स्पेन्सर ह्यांनी आपल्या लेखनात हे श्रेय लपविलेले नाही. परंतु बेडूक दाखविणाऱ्याचे नाव बेडकास द्यावे, हे मात्र त्यांस किंवा त्यांच्या काळातील कोणासही सुचले नाही.

हॉर्न मोहिमेचा वृत्तांत स्पेन्सर ह्यांनीच संपादिला व तो १८९६ मध्ये चार भागांत निघाला. त्याच्या प्राणिविषयक भागात ॲलिस स्प्रिंग्जचा म्हणून वर्णिलेला नवा वृक्षमंडूक आला, आणि त्यास त्यांनी आपल्या मित्राचे नाव दिले. गिलन ह्यांचे नाव एका लहानशा घोरपडीसही त्याच सुमारास दुसऱ्या दोघा शास्त्रज्ञांनी दिलेले आहे, आणि शार्लट वॉटर्सचे तारमास्तर बर्न ह्यांचे नाव स्पेन्सर ह्यांनी एका लहान मांसभक्षक सस्तन प्राण्यास दिले. म्हणजे त्या ओसाड मार्गावरची तारघरे एकामागून एक प्राणिकोशात जाऊन बसली.

अशी नावे कितपत योग्य, ह्याविषयी मतभेद होणारच. ज्या हिरव्या वृक्षमंडूकाचा वर उल्लेख केला, त्याचे नाव 'सेरुलिआ', म्हणजे 'निळा'. जॉन व्हाइट नामक शल्यवैद्याच्या १७९० च्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन आले. स्पिरिटमध्ये राहून कातडीतील पिवळा रंग निघून गेला की हिरवा बेडूक निळा दिसू लागतो, आणि तसा निळा झालेला बेडूकच शास्त्रात कायम झाला. शास्त्राचा नियम असा की, रीतसर दिलेले पहिले नाव खरे, मग ते कितीही चुकीचे असो. ह्या तुलनेत 'गिलेनाय' हे नाव पुष्कळच बरे म्हणावे लागेल. निदान तो गृहस्थ त्या बेडकाच्या शेजारी वर्षानुवर्षे राहिला होता.

येथवर ही एका स्नेहाची गोष्ट झाली. परंतु हॉर्न वृत्तांतात स्पेन्सर ह्यांनी ऑस्ट्रेलियाच्या प्राणिसृष्टीचे जे एकंदर विवेचन केले, त्यात आणखी एक बीज होते. खंडाचे त्यांनी तीन प्राणिप्रदेश पाडले: उत्तरेचा, आग्नेयेचा आणि मधला कोरडा. मधल्या प्रदेशातील डोंगरघळींत जी ओलाव्याची झाडे व जीव आढळतात, ती पूर्वीच्या अधिक ओल्या काळाची राहिलेली शेषसृष्टी, असा एकंदर समज त्या काळी दृढ झाला. बेडकाच्या बाबतीत हा विचार पटण्यासारखा आहे. त्याचे जवळचे आप्त उत्तरेस व पूर्वेस आहेत, मध्ये अफाट कोरडी भूमी आहे, आणि हा तीत एकटा घळींत उरला आहे. आपल्याकडे 'कूपमंडूक' हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो. पण ह्या खऱ्याखुऱ्या घळमंडूकाने आपल्या विहिरीत राहूनच आपली जात जगविली.

चुकले ते पुढे. जो मापदंड बेडकास लावला तोच स्पेन्सर ह्यांनी माणसांस लावला. १८९६ च्या अखेरीपासून १८९७ च्या आरंभापर्यंत ॲलिस स्प्रिंग्ज येथे अरंडा लोकांचा एक मोठा धार्मिक सोहळा गिलन व स्पेन्सर ह्यांनी दिवसेंदिवस पाहिला, टिपला, त्याची छायाचित्रे घेतली. त्यातून १८९९ मध्ये 'मध्य ऑस्ट्रेलियातील मूळ जमाती' हा त्यांचा ग्रंथ निघाला. केंब्रिजात फ्रेझर, पॅरिसात दुर्खीम, व्हिएन्नात फ्रॉइड, सर्वांनी आपापले सिद्धान्त त्यावर उभारले. १९०१ मध्ये ते दोघे पुन्हा निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर अरंडा भाषा बोलणारे दोन जाणकार होते. पैकी एर्लिकिल्यिका हा उत्तम चित्रकारही होता. ज्यांनी इतके शिकविले, इतके दाखविले, ज्यांच्या धर्मकल्पनेची गुंतागुंत पाहून युरोपचे पंडित थक्क झाले, त्यांच्याविषयी स्पेन्सर ह्यांचे मत शेवटपर्यंत असे की, प्लॅटिपस आणि कांगारू ह्यांच्याप्रमाणेच हीही जगात अन्यत्र लोपलेल्या जुन्या अवस्थेची उरलेली माणसे. १९२७ च्या ग्रंथातही त्यांनी हेच लिहिले. उरलेली, म्हणजे ओघानेच, लवकर जाणारी.

असे मत पुस्तकात राहते तर एक वेळ चालते. १९१२ मध्ये स्पेन्सर ह्यांस सरकारने वर्षभर उत्तर प्रदेशाचे मुख्य संरक्षक नेमले, आणि त्यांच्या १९१३ च्या अहवालात अशी शिफारस आली की, मिश्र वंशाची मुले मूळ रहिवाशांच्या वस्तीत राहू देऊ नयेत, ती सरकारी संस्थांत न्यावीत. ह्या धोरणाचे जनक ते एकटे नव्हेत. ऑस्ट्रेलियाच्या इतर भागांत ते आधीपासून चालू होते. परंतु ह्या विषयातील सर्वांत मोठ्या विद्वानाने त्यावर आपली मोहोर उठविली. १९१४ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला अशा मुलांसाठी 'बंगलो' नावाची संस्था निघाली; बंगलो हा शब्द तिकडे हिंदुस्थानातून गेलेला. पत्र्याच्या शेडीत दाटीवाटीने ठेवलेली, आईपासून तोडलेली मुले, असे तिचे रूप होते. ती संस्था इकडून तिकडे हलत १९३२ मध्ये जेथे स्थिरावली ती जागा म्हणजे तारखात्याने नुकतीच सोडलेली जुनी दगडी तारघराची वास्तू. ज्या अंगणात गिलन आणि स्पेन्सर ह्यांची मैत्री जुळली, जेथून आमच्या बेडकाचे पहिले वर्णन निघाले, त्याच अंगणात १९४२ पर्यंत ही मुले राहिली. २००८ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान केव्हिन रड ह्यांनी पार्लमेंटात राष्ट्राच्या वतीने क्षमा मागितली, तेव्हा त्यांनी आपल्या भाषणात ज्या एका वृद्ध स्त्रीची हकीकत सांगितली, तिलाही लहानपणी आईपासून दूर ह्याच बंगल्यात आणले होते.

गिलन हे पाहण्यास उरले नव्हते. ते १९१२ मध्येच वारले. त्यांचे दोषही लपविण्याचे कारण नाही. अरंडा लोकांच्या पवित्र वस्तू, ज्या गुप्त भांडारांत ठेवलेल्या असत व ज्यांचे दर्शनही दीक्षा न झालेल्यास निषिद्ध होते, त्या आरंभी त्यांनी व इतर गोऱ्यांनी खुशाल उचलल्या. असे भांडार परक्यास दाखविल्यावरून एका माणसास प्राणास मुकावे लागले, हे गिलन ह्यांस १८९७ मध्ये कळले, तेव्हा ही लूट आता पुरे असे त्यांनी स्पेन्सर ह्यांस कळविले. उशिरा का होईना, ते थांबले.

ह्या पवित्र वस्तूंचा आमच्या विषयाशी अगदी थेट संबंध आहे. आपल्याकडे कुळांत जसे देवक असते, कोणाचे कळंबाचे तर कोणाचे मोरपिसाचे, तसे अरंडा लोकांत निरनिराळ्या गटांचे निरनिराळे प्राणी व वनस्पती असत, आणि ह्यू नदीच्या काठचा एक गट बेडकाचा होता. त्यांच्या एका वस्तूवरील आकृतींचा अर्थ १८९९ च्या ग्रंथात दिलेला आहे. पुढे दुर्खीम ह्यांनी त्यावर पुष्कळ लिहिले. त्या आकृती कशा होत्या हे येथे सांगणे आम्हांस सहज शक्य होते. पण ज्या लोकांच्या त्या आहेत त्यांस ते रुचणारे नाही, कित्येक संग्रहालयांनीही अशा वस्तू प्रदर्शनातून काढून अलीकडे मूळ मालकांस परत पाठविण्यास आरंभ केला आहे, म्हणून आम्ही ते सांगत नाही. बेडूक, नदी आणि झाड ह्यांचे नाते त्या लोकांनी कोणत्याही प्राध्यापकाच्या फार पूर्वी लक्षात घेऊन जतन केले होते, एवढे कळले म्हणजे पुरे.

शेषसृष्टीच्या सिद्धान्ताची आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. फिंक नदीच्या एका उपनदीच्या घळीत ताडाच्या जातीची उंच झाडे आहेत. भोवती शेकडो मैल तशी झाडे नाहीत. हॉर्न मोहिमेनेही ती पाहिली. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ओल्या युगातून ती उरली आहेत, असे पुस्तकांतून शंभर वर्षे लिहिले जात होते. २०१२ मध्ये त्यांच्या आनुवंशिक घटकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि उत्तरेकडील ताडांपासून ती वेगळी होऊन फार तर पंधरा हजार वर्षांच्या आसपासचा काळ लोटला असावा, असे निघाले. मग ती आली कशी? ज्या संशोधकांनी हा अभ्यास केला त्यांनी एक शक्यता अशी मांडली की, माणसांनी बी नेले असावे. हर्मान्सबर्ग येथील जर्मन मिशनरी कार्ल श्ट्रेलो ह्यांच्याशी स्पेन्सर ह्यांचे कधी पटले नाही. त्यांच्या मते अरंडा लोकांविषयी लिहिण्याचा श्ट्रेलो ह्यांस अधिकारच नव्हता. त्या श्ट्रेलो ह्यांनी अरंडा लोकांकडून टिपून ठेवलेल्या एका कथेत सरळ म्हटले आहे की, देवांनी ह्या झाडांचे बी उत्तरेकडून येथे आणले. कथा ही पुरावा नव्हे हे आम्ही जाणतो. तथापि ज्यांना स्वतःच अवशेष ठरविले गेले, त्यांची आठवण पाठ्यपुस्तकांपेक्षा खऱ्याच्या अधिक जवळ निघावी, हे पाहून स्पेन्सर ह्यांस काय वाटले असते, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. ते १९२९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या टोकास, टिएरा डेल फ्यूगोच्या बेटांत, तेथील मूळ रहिवाशांचा अभ्यास करीत असता मरण पावले. वय एकोणसत्तर, थंडी भयंकर, आणि कुतूहल अद्याप कायम. मनुष्य थोर होता ह्यात शंका नाही. म्हणूनच त्यांची चूक इतकी महाग पडली.

आणि लवकर जाणारी म्हणून ठरविलेली माणसे गेली नाहीत. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघीय न्यायालयाने ॲलिस स्प्रिंग्ज शहराच्या हद्दीतील पुष्कळ जमिनीवर अरंडा लोकांचा परंपरागत हक्क अद्याप अस्तित्वात असल्याचा निर्णय दिला, आणि २००० च्या मे महिन्यात तो रीतसर नोंदला गेला. त्या देशात एखाद्या शहराच्या बाबतीत असा हक्क मान्य होण्याची ही पहिली वेळ. पश्चिम मॅक्डॉनेल डोंगरांतील राष्ट्रीय उद्यानाच्या नावात आता 'जोरिट्जा' हे डोंगराचे अरंडा नाव प्रथम येते.

बेडकाच्या नावातही बदल झाले आहेत, पण ते निराळ्या कारणाने. 'हायला' हा गण पूर्वी जगभरच्या वृक्षमंडूकांची धर्मशाळा होता; ऑस्ट्रेलियातील बेडूक त्यातून वेगळे काढून 'लिटोरिया' ह्या गणात गेले, आणि अलीकडे तेथूनही त्यांची वाटणी करण्याचे शास्त्रज्ञांचे काम चालू आहे; कोणी एक गण मानतो, कोणी दुसरा. 'गिलेनाय' हे उत्तरपद मात्र, नियमाप्रमाणे, १८९६ पासून जागचे हललेले नाही. जुने तारघर सरकारने जपून ठेवले आहे. तारेच्या खोल्यांबरोबर बंगल्यातील मुलांची हकीकतही तेथे सांगतात. बाजूला टॉड नदीचे वाळूचे पात्र आहे, खडकाशी तो पाणवठा आहे, आणि घळींतून हा बेडूक अद्याप आहे.